क्रेन, जावई आणि टर्बोचं बटण

ज्यांच्या घरी सणाला जावई गेम घेऊन येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं.

भाऊबीजेला नणंद आणि भावोजी आले ते दुबईहून आणलेला निंटेंडोचा स्विच, म्हणजे टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम, घेऊनच. जेवणं उरकल्यावर तो टीव्हीला लागला आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणत भावोजींनी पहिली मारिओ पार्टी लावली. 1998 ची, निंटेंडो 64 वरची. 2022 पासून ती ऑनलाइन वर्गणीत स्विचवर मिळते. खेळायला ते, मी, आमचे हे आणि भाचा.

मला त्यातला क्रेन गेम आवडतो, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर म्हणतील, हरली म्हणून बोलतेय. मारिओ पार्टी हा पटावरचा खेळ, मध्ये मध्ये छोटे खेळ येतात. चौघांच्या चाली झाल्या की कोण निळ्या घरात, कोण लाल घरात यावरून बाजू ठरतात. एक एका रंगावर आणि तिघं दुसऱ्यावर आले की एकाविरुद्ध तिघं, आणि त्यातच हा क्रेन गेम येतो. एकटा क्रेन चालवणार, तिघांतल्या एकाला पंजात उचलणार, आणि उचललेल्याने ए बटण धडाधड दाबून सुटायचं. नाही सुटलात, तर तुमची नाणी त्याच्या खिशात. मॉलच्या गेम झोनमध्ये पंजाची पकड किती घट्ट ठेवायची ते मालक ठरवून ठेवतो, म्हणून टेडी अर्ध्या वाटेत पडला तरी आपण नशिबाला बोल लावतो. इथे मात्र सगळा हिशेब अंगठ्याचा. निदान माझी तशी समजूत होती.

नाणी माझ्याकडे सगळ्यात जास्त होती. ती मी खेळून मिळवली होती, कुणी ओवाळणीत घातली नव्हती. भावोजी क्रेनवर आले की पंजा थेट माझ्या डोक्यावर. “वहिनी, सॉरी हां!” हे दर वेळी, आणि दर वेळी हसत. तेही मी सोडून दिलं. ज्याच्याकडे जास्त, त्याला लुटणार, हा खेळच आहे. पण मी क्रेनवर आले आणि त्यांना उचललं, की ते अर्ध्या रस्त्यात सटकायचे. आमचे हे सटकत नव्हते, भाचा सटकत नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा अंगठा चालत नाही आणि पन्नाशीच्या माणसाचा चालतो?

मग एकदा मी त्यांना उचललं आणि टीव्हीऐवजी त्यांच्याकडे बघितलं. कंट्रोलर मांडीवर. डाव्या हातात फराळाची बशी. उजव्या हाताने साहेब चकली मोडत होते. आणि टीव्हीवर त्यांचा गडी लुइजी पंजात अगदी एका लयीत तडफडत होता. माणूस बटण दाबतो तेव्हा मध्येच जोर येतो, मध्येच दमतो. ही लय शिलाई मशीनची होती. कंट्रोलरवर एक बारीक दिवा लुकलुकत होता, तोही त्याच तालात.

मला कुणी टर्बो, म्हणजे आपोआप धडाधड दाबलं जाणारं बटण, शिकवू नये. लहानपणी आमच्याकडे कॅसेटचा व्हिडिओ गेम होता. त्याच्या रिमोटवर ए आणि बी च्या डोक्यावर आणखी दोन बटणं असायची. ती दाबून धरली की कॉन्ट्रामध्ये गोळ्यांचा पाऊस. त्या रिमोटवरून मी आणि माझ्या भावाने एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात.

मी तिथल्या तिथे म्हटलं, “भावोजी, टर्बो लावलाय तुम्ही.” हे म्हणाले, “अगं जाऊ दे ना, गेम आहे.” सासूबाई स्वयंपाकघरातून, “सणासुदीला जावयाला असं बोलतात का?” आणि भावोजी? “कंट्रोलरच तसा आलाय वहिनी, मला काय माहीत!” ठीक. मग म्हटलं, आपण कंट्रोलर बदलू या. तर म्हणे, “मला याची सवय झालीये.” भाचा बिचारा हळूच म्हणाला, “मामी, टी दाबून धरून ए दाबावं लागतं, आपोआप नाही लागत ते.” नणंदेने त्याला लगेच पाणी आणायला पाठवलं.

तर आता ऐका. बाहेरच्या कंपन्यांच्या बऱ्याच कंट्रोलरवर टर्बो असतो, आणि तो दोन तऱ्हेचा. एकात बटण दाबून धरावं लागतं, दुसऱ्यात एकदा लावला की हात न लावता चालू राहतो. खेळ सुरू करण्याआधी स्विचच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरची बटणं तपासायची सोय आहे, तिथे जा. ए दाबून धरा. एकदाच दाबल्याचं दिसलं तर ठीक. चालू-बंद, चालू-बंद दिसलं तर टर्बो. हे ‘बघू तुमचा कंट्रोलर कसा आहे’ म्हणत कौतुकाने करावं, म्हणजे सासूबाईंपर्यंत जात नाही.

कंट्रोलर चिठ्ठ्या टाकून वाटा. ज्याला आपलाच हवा असतो, त्याच्याकडे विशेष लक्ष ठेवा.

प्रामाणिकपणे सुटायचं असेल तर अंगठा वापरूच नका. कंट्रोलर मांडीवर ठेवून तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून मारा, वेग खूप वाढतो. आणि नाणी साठवू नका. वीस झाली आणि वाट सापडली की त्यांचा स्टार घ्या, जिंकणं त्यावरच ठरतं. क्रेनवाला नाणी नेतो, स्टार नाही.

हाताला जपा, हेही सांगते. या गेमचा लौकिकच तसा आहे. यातल्या काही खेळांत कंट्रोलरवरची काडी गरागरा फिरवावी लागायची. तळहाताने फिरवून अमेरिकेतल्या मुलांचे हात सोलवटले. शेवटी 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलशी तडजोड करून निंटेंडोने हातमोजे द्यायचं कबूल केलं. माझा अंगठा दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना दुखत होता. भावोजींचा कशाला दुखेल?

बाकी नेहमीचंच: खेळ खेळासारखा घ्या, लहानांसमोर भांडू नका, मध्ये मध्ये उठून पाणी प्या.

फॅमिली ग्रुपवर ‘आमचे चॅम्पियन जावईबापू’ असा फोटो अजून आहे, त्याखाली सगळ्यांचे अंगठे आहेत, आमच्या ह्यांचासुद्धा. फोटो मोठा करून बघा. त्यांच्या हातातल्या कंट्रोलरवर टर्बोचा दिवा लागलेला स्पष्ट दिसतो. मी त्यावर लाल गोल करून तोच फोटो पुन्हा टाकला होता. ‘वहिनींची गंमत’ म्हणून भावोजींनी त्यालाही अंगठा दिला.