आकस्मिक आजार, श्रद्धा आणि पहिला विलंब

फुलचूर, जि. गोंदिया

चि. पुतण्या आणि सौ. सूनबाई यांस,

ज्या आजारात वा अपघातात काही मिनिटांचा किंवा तासांचा उशीर जीव हिरावून घेऊ शकतो त्याला आकस्मिक वैद्यकीय संकट म्हणतात, आणि लहान मुले असलेल्या नव्या संसारात असे संकट कधी ना कधी उंबरठ्यावर येतेच, मग ते तान्ह्या बाळाच्या धापेच्या रूपाने येवो, तापातल्या झटक्याच्या रूपाने येवो की धानाच्या बांधीत झालेल्या सर्पदंशाच्या रूपाने येवो. अशा वेळी देवावरचा विश्वास माणसाला तारतो की अडवतो, हा प्रश्न उभयतांच्या घरात नुकताच निघाला असल्याने त्याचे उत्तर घाईने न देता नीट मांडून देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य ठरते.

विचाराला सुरुवात करण्यासाठी आरोग्यशास्त्रातील एक संकल्पना उपयोगी पडते. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी 1994 साली मातामृत्यूंच्या कारणांचा विचार करताना उशिराचे तीन प्रकार सांगितले: दवाखान्यात जायचे की नाही हे घरात ठरवण्यात होणारा पहिला विलंब, तिथवर पोहोचण्यात होणारा दुसरा, आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात होणारा तिसरा. सालेकसा किंवा देवरी तालुक्याच्या जंगलातील पाड्यासाठी दुसरा विलंब आजही मोठा असतो. पण फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव आहे, शहरात केटीएस म्हणजे कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आहे, बाळंतिणींसाठी आणि नवजातांसाठी बाई गंगाबाई महिला रुग्णालय आहे, 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 2014 पासून राज्यभर 108 क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. म्हणजे या गावातील घरासाठी जीव जाण्या-वाचण्याचा प्रश्न पुष्कळदा घराच्या आतच, पहिल्या विलंबात, सुटत किंवा बिघडत असतो, आणि श्रद्धेचा खरा उपयोग किंवा खरा अपाय होतो तोही नेमका याच ठिकाणी.

विश्वासाची दोन रूपे आहेत आणि बाहेरून ती सारखी दिसतात. एकात माणूस देवापुढे हात जोडतो आणि उठून गाडी काढतो. दुसऱ्यात तो हात जोडून बसून राहतो, कारण देवाने परिणामाची हमी दिली आहे असे त्याने मानलेले असते. पहिल्यात बळ मागितलेले असते, दुसऱ्यात निकाल. महाराष्ट्राच्या कायद्यानेही हा भेद एका अर्थी ओळखलेला आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर काही दिवसांतच निघालेल्या अध्यादेशातून पुढे जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला. त्याच कायद्याने यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना मात्र हात लावलेला नाही. तेव्हा नागरा येथील शिवमंदिरात जाणे, मांडोदेवीला नारळ वाहणे, माघ पौर्णिमेला गोंड बांधवांनी कचारगडला पेनांच्या, म्हणजे त्यांच्या देवांच्या, दर्शनाला जाणे किंवा बौद्ध घरात परित्राणपाठ होणे यांत गैर काहीच नाही. गैर आहे ते रुग्ण आणि डॉक्टर यांच्या मध्ये उभे राहणे.

सर्पदंशाचे उदाहरण सविस्तर घ्यावे लागते, कारण धानपट्ट्यात झाडफूक करणाऱ्याची कीर्ती मुख्यतः त्यावर उभी आहे. चावणारे बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. त्यामुळे ज्यांच्या अंगात विष गेलेच नव्हते अशी माणसे मांत्रिकाकडे जाऊन बरी होतात, त्यांची नावे गावात वर्षानुवर्षे सांगितली जातात, आणि ज्यांच्या अंगात विष गेले होते त्यांच्या मरणाचा दोष नशिबाकडे जातो. मांत्रिक बहुधा खोटे बोलत नसतो, त्यालाही आपल्या मंत्राचा गुण आला असेच वाटत असते, आणि म्हणूनच त्याचा शब्द इतका पटतो. पण मण्यार हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, त्याचा दंश फारसा दुखत नाही, सूजही क्वचितच दिसते, पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते आणि मग श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. या अवस्थेत प्रतिविष, म्हणजे सापाचे विष निष्प्रभ करणारे औषध, आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास एवढेच माणसाला वाचवू शकतात. चावलेल्या जागी चिरा देऊ नयेत, दोरी आवळून बांधू नये, विष तोंडाने ओढू नये. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीच्या आधाराने स्थिर ठेवून रुग्णाला चालू न देता न्यावे, आणि जपच करायचा असेल तर तो गाडीत बसल्यावर करावा. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने निदान 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

श्रद्धा आणि उपचार यांची सांगड कशी घालावी याचा सर्वांत चांगला धडा शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मिळतो आणि उभयतांनी तो जाणून घेण्यासारखा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केल्यानंतर तेथील आदिवासींना दवाखान्यात का यावेसे वाटत नाही याचा शोध घेतला, तेव्हा मोठ्या इमारतींची भीती वाटते, आणि डॉक्टर-परिचारिकांचे पांढरे कपडे पाहून प्रेतावरचे पांढरे कापड आठवते, अशी कारणे पुढे आली. म्हणून धानोरा तालुक्यातील शोधग्राम येथे दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला गेला, रुग्णाजवळ नातेवाइकांना राहण्याची सोय झाली, आणि लोकांच्या इच्छेनुसार त्याला त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे, नाव देऊन तिची स्थापनाही करण्यात आली. देवीच्या जत्रेला जमलेल्या गावोगावच्या प्रतिनिधींनी आपल्या भागातील आजारांची चर्चा करावी अशी रीतही तेथे पडली. देवी दवाखान्याच्या वाटेत आडवी आली नाही, तिच्या नावाने दवाखान्याची भीती उतरली. याच संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण दिले आणि 39 गावांतील त्या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन, ताप आणि अंगावर पिणे तपासते त्या कामाचे मूळ या प्रयोगात आहे, म्हणून सूनबाईंनी तिच्या भेटीला सरकारी सोपस्कार म्हणून उडवून लावू नये.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत काही खुणा पाठ असाव्यात. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचा श्वास शांत असताना मिनिटाला 60 किंवा अधिक वेळा चालत असेल, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा 50 किंवा अधिक वेळा, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळाने अंगावर पिणे सोडले असेल, ते गार किंवा निपचित पडले असेल, तर दृष्ट काढण्यात किंवा अंगारा लावण्यात एक क्षणही न घालवता 'गंगाबाई'ची वाट धरावी. बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची जी प्रथा मेळघाटासारख्या भागातून अजून वाचनात येते, तिच्यामागेही आईबापांचे प्रेमच असते, आणि प्रेम पुरेसे नसते हे त्यावरून कळते. तसेच पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, ज्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत किंवा छातीत अचानक असह्य वेदना उठतात. अशा वेदनेला बाहेरची बाधा समजण्याची चूक पिढ्यान्पिढ्या होत आली असल्याने उभयतांनी स्वतःची आणि मुलांची तपासणी करून घ्यावी.

आता प्रार्थनेविषयी. घरात गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा आहे, ती सोडण्याचे कारण नाही, मात्र तिच्याकडून काय मागावे हे ठरवले पाहिजे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1802 रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी भक्तांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्णांतील गुंतागुंत कमी झाली नाही, उलट आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते त्यांच्यात ती किंचित अधिक, 59 टक्के, आढळली. प्रार्थना औषधासारखी मोजून देता येत नाही, एवढा अर्थ यातून निघतो. त्याच्या जोडीला 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला इटलीतील एक लहान अभ्यास ठेवावा. त्यात जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ होतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते असे दिसले. म्हणजे प्रार्थना करणाऱ्याचे चित्त ठिकाणावर येते, आणि ज्या घरात कुणाचा जीव धोक्यात आहे तिथे सर्वांत आधी हवे असते ते हेच: दूरध्वनीवर पत्ता नीट सांगणारा आवाज, न थरथरणारा हात. ही सामुदायिक प्रार्थना रुजवणाऱ्या तुकडोजी महाराजांना स्वतःला कर्करोग झाला तेव्हा मुंबईत त्यांच्यावर उपचार झाले. प्रार्थनेचा एवढा मोठा प्रवर्तक उपचारांना कमीपणा मानत नव्हता, हे मंडळातल्या कुणी शंका काढल्यास त्याला नम्रपणे सांगावे.

पहिला विलंब लांबतो त्याचे आणखी एक कारण घराच्या रचनेत आहे, आणि त्याविषयी सूनबाईंनी विशेष लक्ष द्यावे. रात्री मूल आजारी पडले की आई पतीला विचारते, पती वडिलांना, वडील थोरल्या भावाला, आणि या विचारपुशीत तास निघून जातो, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा मान राखायचा असतो. म्हणून घरातील सर्व थोरांची संमती या पत्राने आजच दिली जात आहे. ज्याच्या समोर रुग्ण असेल, मग ती सून असो की शाळकरी मुलगी, त्याने कुणालाही न विचारता 108 ला कळवावे, आणि नंतर ते अनावश्यक ठरले तरी त्याला बोल लावला जाणार नाही. शिधापत्रिका, आधार कार्डे, जुनी औषधपत्रे आणि रक्तगटाची नोंद एका पिशवीत दाराजवळ ठेवावी, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार हवे असतील तर रुग्णालयातील आरोग्यमित्र यातील शिधापत्रिका आणि आधार कार्ड मागतो. गोंदियात उपचार शक्य नसले की रुग्णाला नागपूरला 'मेडिकल'मध्ये, म्हणजे तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, रेफर करतात आणि तो शब्द ऐकताच घरच्यांचे पाय गळतात. रेफर करणे म्हणजे आशा सोडणे नव्हे, मोठ्या साधनांकडे पाठवणे होय, हे आधीच मनाशी ठरवलेले असावे.

नवस बोलावा का, असा प्रश्न सूनबाईंनी विचारला होता. बोलावा, पण तो रुग्ण दवाखान्यात दाखल झाल्यावर, आणि शक्यतो दुसऱ्या रुग्णाच्या उपयोगी पडेल असा: वर्षातून एकदा रक्तदान करण्याचा, किंवा केटीएसच्या ओसरीत रात्र काढणाऱ्या खेड्यातल्या नातेवाइकांना डबा पोहोचवण्याचा. गाडगे महाराजांनी आयुष्यभर तीर्थांच्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आणि मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयातील कर्करुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. भक्ती कुठे नेऊन लावावी याचे याहून स्पष्ट उत्तर विदर्भाच्या मातीतून निघालेले नाही.

सर्वांत कठीण गोष्ट शेवटी सांगायची राहते. सारे काही वेळेवर करूनही कधी माणूस जातो. त्या वेळी गावातून, आणि दुर्दैवाने घरातूनही, कुलदेवीचे काही राहिले होते, उपवास मोडला होता, सुनेचा पाय बरा नाही, असले बोल उठतात, आणि ते जवळजवळ नेहमी आईच्या माथी येतात. गाडगे महाराजांना मुलाच्या, गोविंदाच्या, मृत्यूची वार्ता कीर्तन चालू असताना कळली तरी त्यांनी कीर्तन पुरे केले असे सांगतात. त्यांच्या भक्तीत उणीव होती म्हणून मुलगा गेला असे कुणी म्हणत नाही, मग फुलचुरातल्या एका साध्या आईविषयी तसे म्हणण्याचा अधिकार कुणाला पोहोचत नाही. आजारातून उठणे हे श्रद्धेचे बक्षीस नाही आणि न उठणे ही तिची शिक्षा नाही. चिरंजीवांनी असा बोल कानावर पडताच, बोलणारा वयाने कितीही मोठा असला, तरी त्याला तेथेच थांबवावे. याबाबतीत मानमर्यादा राखू नये, अशी थोरांचीच आज्ञा समजावी.

आशाताईकडे सिकलसेलच्या तपासणीची चौकशी या आठवड्यातच करून तिने सांगितलेला दिवस उलट टपाली कळवावा.

उभयतांचे हितचिंतक,
काका