श्वास मोजावयास शिका

हिवाळा लागला की घरोघरी लहान मुले सर्दी-खोकल्याने बेजार होतात. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते व काही दिवसांत आपोआप बरी होते. तिच्यावर प्रतिजैविक औषधांचा उपयोग होत नाही. परंतु कधी कधी रोगजंतू फुप्फुसांत उतरतात. तेथील सूक्ष्म वायुकोश पू व द्रव यांनी भरतात, रक्तास प्राणवायू अपुरा पडतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेऊ लागते. हाच न्यूमोनिया. खेड्यापाड्यांत यालाच ‘डब्बा’ म्हणतात.

या जंतूंपैकी प्रमुख न्यूमोकॉकस होय. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर व अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधून काढला. दुसरा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा. १८९२ साली रिचर्ड फायफर यांना तोच फ्ल्यूचे कारण वाटला. १९३३ साली माणसातील फ्ल्यूचा विषाणू सापडला व तो समज दूर झाला, नाव मात्र तसेच राहिले. हे जंतू निरोगी मुलांच्या नाकाघशातही वास करतात. कुपोषण, चुलीचा धूर किंवा नुकताच झालेला गोवर यांनी शरीराची प्रतिकारशक्ती खचली, की ते डोके वर काढतात.

आपल्या बालाघाट जिल्ह्यातील वैनगंगा पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या कडेने वाहते. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील कार्यकर्ते व सुइणी यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. ज्यांना मोठी संख्या मोजता येत नसे, त्यांच्यासाठी मण्यांचे एक साधन बनविले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा; मिनिट संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजावयाचा. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ज्या गावांत ही योजना नव्हती, तेथे न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी शेकडा १३.५ दगावली, या कार्यकर्त्यांनी औषध दिलेल्यांपैकी शेकडा ०.८.

याउलट, २०२३ साली मध्यप्रदेशातील शहडोल जिल्ह्यात न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बालिकांना तापल्या सळईने डागल्याच्या व त्या दगावल्याच्या बातम्या आल्या. डागण्याने जंतू मरत नाहीत. मुलाच्या यातना वाढतात आणि उपचाराचा मोलाचा वेळ वाया जातो.

म्हणून ही रीत प्रत्येकाने शिकावी. मूल शांत असताना त्याच्या छाती-पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक भरल्यास त्यास विनाविलंब आरोग्यकेंद्रात न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल दूध पीत नसेल, तर मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

या दोन्ही जंतूंविरुद्ध लसी आहेत. हिमोफिलसची लस पंचगुणी लसीत अंतर्भूत असून न्यूमोकॉकसची लस राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ पासून देशभर मोफत मिळते. धाकट्या भावंडांचे लसीकरणाचे कार्ड आजच उघडून पाहा. साठपर्यंत अंक तर तुम्हांस पहिलीपासूनच येतात. त्या अंकांनी एखादा जीव वाचला, तर शिकल्याचे सार्थक झाले म्हणावयाचे.