तोफा कोणत्या?

आमच्या शाळेत वेगवेगळ्या राज्यांतील मुले एका छताखाली राहतात. त्यामुळे एक गोष्ट इथे लवकर ध्यानात येते: शब्द तोच असला तरी अर्थ तोच असेल असे नाही. 'शिक्षा' हा शब्द घ्या. हिंदी बोलणाऱ्या मुलाला त्यातून वर्ग आणि पुस्तके दिसतात. मराठी मुलाला मैदानाच्या फेऱ्या दिसतात! हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. लिपी तीच, अक्षरेही तीच. म्हणजे अर्थ अक्षरांत नसतो. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात आधीपासून जे ठरलेले असते, त्यात तो असतो. दोघांचे ठरलेले वेगळे असेल तर वसतिगृहात हशा पिकतो. रणांगणावर माणसे मरतात.

क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे असेच घडले. ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर उभे होते. रशियन सैन्याने काबीज केलेल्या काही तोफा शत्रू ओढून नेत आहे, असे त्यांना तिथून वाटले. त्यांनी घोडदळाला लेखी हुकूम पाठवला. पुढे जाऊन शत्रूला तोफा नेण्यापासून रोखावे, असा त्याचा आशय होता. कोणत्या तोफा, हे त्यात नव्हते.

घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लूकन खाली होते. मधल्या उंचवट्यामुळे त्यांना त्या तोफा दिसतच नव्हत्या. हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलन यांना त्यांनी विचारले, तेव्हा नोलन यांनी मोघम हात केला. लूकन यांना तो दरीच्या टोकाकडे वाटला. तिथे रशियन तोफांची फळी सज्ज होती. लाइट ब्रिगेडचे सुमारे ६७० घोडेस्वार त्या दरीत शिरले. समोरून आणि दोन्ही बाजूंनी मारा झाला. शंभराहून अधिक सैनिक ठार झाले, त्याहून जास्त जखमी झाले. नोलन सुरुवातीलाच पडले, त्यामुळे त्यांना नेमके काय दाखवायचे होते, हे शेवटपर्यंत कळले नाही.

'तोफा' हा शब्द अगदी सोपा आहे. पण उंचावरच्या माणसाचा 'तोफा' वेगळा होता आणि खालच्या माणसाचा वेगळा.

म्हणूनच सैन्यात काही चिन्हे अशी ठरवलेली असतात, की ऐकणारा कुठेही उभा असला तरी अर्थ बदलू नये. मॅप रीडिंगमध्ये आपण 'त्या झाडामागे' असे म्हणत नाही, ग्रिड रेफरन्स देतो. १:५०,००० च्या नकाशावर चार आकडे एक किलोमीटरचा चौकोन सांगतात, सहा आकडे १०० मीटरचा. आधी पूर्वेचे आकडे, मग उत्तरेचे. क्रम उलटला की आपण भलत्याच ठिकाणी पोहोचतो.

वायरलेसवर 'बी', 'डी', 'पी', 'टी' सारखेच ऐकू येतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो असे म्हणतात. आकडेही सुटे सुटे बोलतात. मराठी माणसाला याचे कारण लगेच पटेल. आपण २७ लिहिताना आधी दोन लिहितो, पण 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात. 'एकोणतीस' मध्ये तर नऊ ऐकूच येत नाही, ऐकू येते ते 'तीस'. खरखरीत 'दोन, नऊ' असे सांगितले की गोंधळ उरत नाही.

पण चिन्हे ठरली म्हणजे काम संपले असेही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर बारमाही नदी निळी असते, कोरडा ओढा काळा. ज्याला ही खूण माहीत नाही, त्याला नकाशात फक्त रेषा दिसतात. ज्याला माहीत आहे, त्याला पाणी कुठे मिळेल ते कळते. तपकिरी समोच्च रेषा जमिनीवर कुठेच आखलेल्या नसतात, तरी त्यांच्यामुळेच आपण कागदावर डोंगर 'पाहतो'. मात्र दोन रेषांमध्ये २० मीटरचे अंतर असेल, तर १५ मीटरची टेकडी त्यांच्यामध्ये लपून राहू शकते. तिच्यामागे अख्खी तुकडी दडू शकते. नकाशात नाही म्हणजे जमिनीवर नाही, असे समजणे धोक्याचे. कोणतीही भाषा, कोणतेही चिन्ह काही दाखवते आणि काही गाळते.

यातून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. हुकूम मिळाल्यावर प्रश्न विचारला तर तो उद्धटपणा ठरेल, अशी भीती आम्हा कॅडेट्सना वाटते. 'का?' आणि 'कोणते?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'का?' विचारण्याची वेळ प्रत्येक वेळी असतेच असे नाही. 'कोणते?' मात्र विचारायलाच हवे, आणि उत्तर मोघम आले तर पुन्हा विचारायला हवे. मिळालेला हुकूम आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावा, म्हणजे सांगणाऱ्यालाही कळते की आपल्याला काय समजले.

लूकन यांनी एकदा विचारले होते. दुसऱ्यांदा विचारायला फार तर अर्धे मिनिट लागले असते.