अभ्यासाची चालढकल आणि खेळाचा उतारा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शेजारी तालुके. घोड व भीमा या नद्यांच्या काठचा ऊस, गुऱ्हाळे, दुग्धव्यवसाय, रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांमुळे या भागातील घरांत कामाला दिवस पुरत नाही. अशा घरातील दहावीचा विद्यार्थी जून महिन्यात नव्या वहीवर मोठ्या हौसेने नाव घालतो. त्या वहीत बीजगणिताचे पहिले उदाहरण मात्र अनेकदा दिवाळीनंतर, कधी कधी तर संक्रांत उलटल्यावर उतरते. शिक्षकांना ही तक्रार नवी नाही. ज्या मोबाइलला या चालढकलीबद्दल बोल लावला जातो, त्याच मोबाइलवर खेळासारखे एखादे अ‍ॅप तयार करून तिला आळा घालता येईल काय, हा विचार मात्र नवा आहे व तो गांभीर्याने करण्यासारखा आहे.

चालढकल म्हणजे आळस नव्हे

आळशी माणसाला काम करावयाचेच नसते. चालढकल करणाऱ्याला ते करावयाचे असते, न केल्याची टोचणीही असते. तरीही हात पुढे होत नाही. पियर्स स्टील यांनी २००७ साली या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. जे काम कंटाळवाणे वाटते, ज्याचे फळ दूर असते आणि जे आपल्याला जमेल असा भरवसा नसतो, ते पुढे ढकलले जाते, असे त्यातून दिसून आले. फुशिया सिरॉइस व टिमोथी पिचिल यांनी २०१३ साली आणखी एक बाजू मांडली. अवघड काम समोर आले की मनाला जी अस्वस्थता वाटते, तिच्यापासून तात्पुरती सुटका मिळविण्यासाठी माणूस ते टाळतो. म्हणजे ज्याला गणिताची भीती वाटते तोच गणित उद्यावर टाकतो. त्याला रागे भरल्याने भीती वाढते आणि वही अधिकच लांब जाते.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळावयास हवा. रात्रपाळीची वीज आल्यावर उसाला पाणी देण्यासाठी वडिलांबरोबर गेलेला मुलगा किंवा पहाटे धारा काढून मग शाळा गाठणारी मुलगी चालढकल करीत नसते. त्यांना वेळच नसतो. जे अ‍ॅप या दोघांना 'मागे पडलेले' ठरवील, ते अशा मुलांवर अन्यायच करील.

खेळाची युक्ती

दूरचे फळ जवळ आणणे, हे खेळाचे मर्म होय. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. सोंगटी मात्र आत्ता पुढे सरकते. महाराष्ट्राला ही युक्ती परकी नाही. परंपरा ज्याचे जनकत्व ज्ञानेश्वर महाराजांकडे देते, त्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप मांडून कवड्यांच्या खेळातून नीतीचा पाठ दिला जात असे. आजच्या अ‍ॅपमधील गुण, पदके व पायऱ्या ही त्याच कुळातील आहेत. 'ड्युओलिंगो' हे भाषा शिकविणारे अ‍ॅप सलग किती दिवस अभ्यास झाला याची साखळी मोजते. 'फॉरेस्ट' या अ‍ॅपमध्ये ठरविलेला वेळ मोबाइल बाजूला ठेवल्यास पडद्यावर एक झाड वाढते व मध्येच बाहेर पडल्यास ते वाळते.

तथापि बक्षिसाला दुसरी धारही असते. लेपर, ग्रीन व निस्बेट या संशोधकांनी १९७३ साली चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना चित्राबद्दल बक्षीस देण्याचे आधीच कबूल केले. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. ज्याला इतिहास वाचावयास मुळातच आवडते त्याला प्रत्येक पानामागे नाणी देत बसणे शहाणपणाचे नव्हे. बक्षीस द्यावयाचे ते सुरुवात करण्याबद्दल. खरी अडचण तेथेच असते.

अ‍ॅपची घडण

त्यामुळे अ‍ॅपने विद्यार्थ्याला 'आज काय संपविणार?' असे न विचारता 'केव्हा, कोठे बसणार आणि पहिले काय करणार?' असे विचारावे. 'रोज अभ्यास करीन' हा निश्चय हवेत राहतो. 'धारा काढून झाल्या की ओट्यावर बसून बीजगणिताचे एक उदाहरण सोडवीन' हा निश्चय टिकण्याचा संभव अधिक. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली अशा 'जेव्हा-तेव्हा' स्वरूपाच्या संकल्पांचा प्रभाव दाखवून दिला आहे. एक उदाहरण सुटले की सोंगटी एक घर पुढे जाते. पुढची उदाहरणे बहुधा त्याच बैठकीत सुटतात. न सुटली तरी दिवस वाया गेला असे मानू नये.

मोठा प्रकल्प किंवा संपूर्ण प्रकरण असल्यास त्याचे तुकडे पाडून मधल्या मुदती शिक्षकांनी ठरवाव्यात. एरियली व वर्टेनब्रॉख यांच्या २००२ सालच्या अभ्यासात, समान अंतराने मुदती ठरवून दिलेल्यांचे काम स्वतः मुदती निवडणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. स्वतः मुदत घालून घेणे हेही एकाच अखेरच्या तारखेपेक्षा बरे ठरले.

साखळीचा प्रश्न नाजूक आहे. चाळीस दिवसांची साखळी एका रात्री तुटली की पुष्कळ मुले खेळच सोडून देतात. ऊसतोडणी, लग्नसराई, आजारपण, गावची जत्रा यांसाठी 'सुटीचे घर' पटावर आधीच असावे व त्यासाठी कारण विचारू नये. वर्गातील क्रमवारी तर मुळीच लावू नये. पहिल्या तिघांना ती सुखावते आणि उरलेल्यांना घरी बसविते. त्याऐवजी चार-पाच जणांच्या गटाची सोंगटी एकत्र पुढे सरकावी.

घरात एकच मोबाइल असतो व तो बहुधा वडिलांबरोबर शेतावर किंवा कारखान्यात असतो, हे गृहीत धरूनच रचना करणे आवश्यक आहे. अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालावे, मराठीत असावे, एका मोबाइलवर दोन-तीन भावंडांची खाती ठेवता यावीत. दौंडहून पुण्याला रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी दहा मिनिटांचे तुकडे सोयीचे होतील.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यास पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यासही त्यात मनाई आहे. मूल किती वाजता झोपले याची नोंद कोणत्याही शाळेला लागत नाही. ती घेऊच नये.

ग्रामपंचायतीचे काम

केवळ अ‍ॅपने घरातील दूरचित्रवाणी बंद होत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली यावर साधा तोडगा काढला. सायंकाळी ७ वाजता भोंगा होतो आणि ८.३० पर्यंत गावातील मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसावयाचे, असे ग्रामस्थांनी ठरविले. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी जमीन दिली होती. शाळेसाठी पदरमोड करणाऱ्या या भागाला सायंकाळचा दीड तास देणे जड जाऊ नये. भोंग्याची वेळ मात्र गावानेच ठरवावी. जेथे धारा सातला काढतात तेथे सातचा भोंगा निरुपयोगी.

अ‍ॅपवर खर्च करण्यापूर्वी एक स्वस्त प्रयोग शक्य आहे. दोन्ही तालुक्यांतील एकेका शाळेत नववीच्या एका तुकडीला जाड कागदावर छापलेला पट व सोंगट्या द्याव्यात, दुसरीला काहीच देऊ नये आणि सहामाहीपर्यंत दोन्ही तुकड्यांच्या वह्या महिन्यातून एकदा तपासाव्यात. वहीत पहिले उदाहरण कोणत्या तारखेला सुटले, एवढीच नोंद ठेवावी. कागदी पटाने ती तारीख दिवाळीच्या अलीकडे आली, तर अ‍ॅपचे काम हाती घेण्यास आधार मिळेल. न आल्यास पटाचे नियम बदलण्याचा खर्च फार तर छपाईपुरताच असेल.