शंकेखोरास उत्तर
वाचावयाचे भाग: रोम. २:१४, १५, याकोब २:१४-१८.

“देव न मानणारा नीतिमान असू शकेल काय?” असे हरसूलच्या बाजारात कोणी विचारिल्यास, बंधूंनो, रागावू नका. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) अज्ञेयवादी होते; तरी द्रव्याची आशा सोडून त्यांनी शिक्षकाचे काम पत्करिले, आणि १८८८ साली ‘सुधारक’ पत्र काढून बालविवाह व केशवपन ह्यांचा निषेध केला. त्यांची नीती नाकारणे ही खोटी साक्ष होय. नियमशास्त्र नसलेल्यांच्याही अंतःकरणावर त्याचे कार्य लिहिलेले असते, असे पौल शिकवितो. मग विश्वासाचे प्रयोजन काय? तो कृतीने दाखवावा, असे याकोब सांगतो.

मननार्थ प्रश्न: शंकेखोर आपल्या घरी आठवडाभर राहिल्यास त्यास कोणते उत्तर मिळेल?