यंत्राला काम किती झेपतं? कारखान्याचं वेळापत्रक मांडणारं करिअर

दहावी-बारावीचा निकाल लागला की कुहीतल्या अनेक घरांत तोच पेच पडतो. मुलाला आयटीआयला घालावं, की कॉम्प्युटर शिकवावा? आयटीआय केलं तर तो जन्मभर मशीनवरच राहील, आणि कॉम्प्युटर शिकला तर पुण्याला जाऊनही नोकरीची खात्री नाही, अशी दोन्हीकडून धास्ती. या पालकांना मला एका कामाची ओळख करून द्यायची आहे. या कामात मशीनची जाण आणि कॉम्प्युटर दोन्ही लागतात. कारखान्यात त्याला उत्पादन नियोजन म्हणतात, आणि ते पाहणाऱ्या विभागाला पीपीसी, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल.

सातऱ्यावरचा हिशेब

हे काम समजून घ्यायला लांब जायला नको. कुही-मांढळ भागातल्या सातऱ्याचं, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याच्या जागेचंच उदाहरण घेऊ. समजा, देठ खुडायला ४० बाया येतात आणि एक बाई दिवसाला सरासरी २० किलो मिरची खुडते. दिवसाचे झाले ८०० किलो. व्यापारी म्हणाला, ४ टन माल ४ दिवसांत द्या. जाणता मुकादम जागच्या जागी सांगतो, ५ दिवस लागतील. मधे आठवडी बाजार किंवा लग्नाची तीथ आली, की तो सहावा दिवसही धरतो. किती माणसं, किती वेळ, किती वेग आणि कोणत्या दिवशी सुट्टी, या चार गोष्टी त्याच्या डोक्यात पक्क्या असतात. यालाच क्षमता मांडणं म्हणतात.

सॉफ्टवेअर काय विचारतं?

हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहानमधल्या कारखान्यात शेकडो सुटे भाग एकाच वेळी तयार होत असतात. तो सगळा हिशेब एका डोक्यात मावत नाही, म्हणून ईआरपी सॉफ्टवेअर वापरतात. सॅप, ओडू ही त्यातली नावं. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट तर मुक्त स्रोताचं आहे. कुणीही ते उतरवून घेऊन शिकू शकतो.

त्यात प्रत्येक मशीनची किंवा विभागाची वर्कस्टेशन म्हणून नोंद करतात. कामाचे तास, सुट्ट्यांची यादी आणि एका वेळी तिथे किती कामं चालू शकतात, हे भरतात. त्या हिशेबाने सॉफ्टवेअर नव्या ऑर्डरसाठी मोकळा वेळ शोधतं. ईआरपीनेक्स्ट मूळ सेटिंगनुसार पुढच्या ३० दिवसांत जागा शोधतं. मिळाली नाही तर तसं स्पष्ट सांगतं.

आता खरी कसोटी पाहा. समजा, दोन लेथ मशीन आहेत आणि ८ तासांची शिफ्ट. कागदावर १६ तास दिसतात. प्रत्येक मशीनमागे जेवण-चहाची ४५ मिनिटं वजा केली की दोन्ही मशीनचे मिळून साडेचौदा तास उरतात. हत्यार बदलणं, बिघाड, मालाची वाट पाहणं धरून प्रत्यक्ष काम ८० टक्केच होत असेल, तर हाती राहतात ११ तास ३६ मिनिटं. ऑर्डर १८० नगांची, प्रत्येक नगाला ४ मिनिटं, म्हणजे १२ तास. दोन्ही मशीनच्या सेटअपचा मिळून एक तास. एकूण १३ तास. ज्याने १६ तास भरले, तो ग्राहकाला आजचाच शब्द देतो आणि खोटा पडतो. ज्याने खरा आकडा भरला, तो उद्याची तारीख देतो आणि पाळतो.

म्हणून या पेशाचं मोल कोडिंगपेक्षा खऱ्या आकड्यात आहे. तो मिळतो शॉपफ्लोरवर उभं राहून, कारागिराला विचारून, घड्याळ लावून. शिवाय सगळ्या कारखान्याचा वेग सर्वांत अडलेल्या मशीनवर ठरतो. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली ‘द गोल’ या कादंबरीतून हेच मांडलं. या क्षेत्रात येणाऱ्याने ती जरूर वाचावी.

वाट कशी धरावी?

दहावीनंतर मशिनिस्ट, टर्नर किंवा फिटरचा आयटीआय करता येतो. पुढे शिकाऊ उमेदवारी मिळवावी. त्यात मशीनला खरोखर किती वेळ लागतो ते हाताला कळतं. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही प्रवेश घेता येतो. थेट डिप्लोमा करायचा तर नागपूरचं शासकीय तंत्रनिकेतन १९१४ पासून आहे. पुढे मेकॅनिकल किंवा इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग आहेच. वरच्या शिक्षणासाठी मुंबईत १९६३ साली स्थापन झालेली नीटी संस्था आहे. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली.

शिक्षण कोणतंही असो, एक्सेल पक्कं हवं, टक्केवारी-सरासरी तोंडपाठ हवी आणि माणसांशी बोलता यायला हवं. फोरमनला विश्वासात न घेता भरलेलं वेळापत्रक दुपारपर्यंतही टिकत नाही.

विद्यार्थ्यांनो, सुरुवात याच आठवड्यात करा. गावातली पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान किंवा सातरा निवडा. मालकाची परवानगी घेऊन तीन दिवस वहीत नोंद करा: काम कधी सुरू झालं, कधी थांबलं, का थांबलं, किती माल निघाला. मग चौथ्या दिवशीच्या कामाचा अंदाज लिहा आणि संध्याकाळी ताडून पाहा. अंदाज चुकला तर कारण शोधा. या शोधात गोडी वाटली, तर हे क्षेत्र तुमचं आहे.

पालकांना एवढंच सांगणं आहे. पहिली नोकरी प्लॅनरची मिळेलच असं नाही. एक-दोन वर्षं मशीनवर किंवा स्टोअरमध्ये जातील. ती वाया गेली असं समजू नका, मुलालाही तसं वाटू देऊ नका. मशीनला काम किती झेपतं, हे तो तिथेच शिकतो, आणि पुढे त्याने भरलेल्या आकड्यावर सगळा कारखाना भरवसा ठेवतो.