सुईने घडविलेले पोट आणि देहाची अमानत



काही दिवसांपूर्वी किन्हीराजा येथे जुम्आच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे थांबला. प्रश्न त्याच्या बहिणीचा होता. तिला स्वतः विचारण्याचा संकोच वाटत होता. तिची तीन बाळंतपणे झाली, शेवटचे शस्त्रक्रियेने. पोट सैल पडले आहे, टाक्यांच्या जागी खड्डा आहे. सासरच्या प्रत्येक लग्नसमारंभात त्यावरून टोमणे बसतात. शहरातील एका सौंदर्यकेंद्राने तिला सांगितले की कापाकापी नको, काही इंजेक्शनांनी पोटाला आकार येईल. त्यासाठी ती मेहरच्या बांगड्या विकण्यास तयार आहे. हे जायज आहे काय?

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. मदरशात आम्हाला शिकविले जाते की वस्तूचे स्वरूप कळल्याशिवाय तिचा हुकूम सांगता येत नाही. म्हणून आधी वस्तू समजून घेऊ.

या इंजेक्शनांना ‘डर्मल फिलर’ म्हणतात. बहुतेकांत हयालुरोनिक अ‍ॅसिड असते. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो. फिलर चरबी घटवीत नाही. तो त्वचेखाली भर घालतो. त्यामुळे सुटलेले पोट त्याने आत जात नाही. फार तर एखादा खड्डा भरतो किंवा स्नायूंच्या रेषा उठून दिसतात, आणि तेही काही महिने ते एक-दोन वर्षे. चरबी विरघळविणारी इंजेक्शने निराळी असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अशा एका औषधाला मान्यता दिली, ती केवळ हनुवटीखालच्या चरबीसाठी. फिलरची मान्यताही प्रामुख्याने चेहरा व हाताची मागील बाजू यांपुरतीच आहे. पोटाला आकार देणे तीत येत नाही. शरीराला आकार देण्यासाठी सिलिकॉन टोचून घेऊ नये, असा स्पष्ट इशारा याच प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. पोटाला चेहऱ्यापेक्षा कितीतरी अधिक द्रव्य लागते, त्यामुळे खर्च व धोका दोन्ही वाढतात. द्रव्य रक्तवाहिनीत गेले तर तेथील त्वचा मरू शकते. जंतुसंसर्ग होतो, गाठी राहतात.

आता शरीअतकडे वळू. दिव्य कुरआन सांगते की अल्लाहने मानवाला सर्वोत्तम घडणीत निर्माण केले (९५:४), आणि अल्लाहच्या निर्मितीत फेरबदल करविणे ही सैतानाची चाल आहे (४:११९). हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या हदीसमध्ये गोंदविणाऱ्या, भुवया उपटविणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आला आहे. इमाम नववी (रह.) यांनी ‘सौंदर्यासाठी’ या शब्दाकडे लक्ष वेधले आहे: उपचारासाठी किंवा दोष दूर करण्यासाठी गरज असेल, तर ती बाब या निषेधात येत नाही. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत कापले गेले. चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही ही मुभा मिळाली, कारण तेथे हौस नव्हती, हानी होती.

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथील अधिवेशनात हीच रेषा आखली. जन्मजात वा अपघाताने आलेला दोष दूर करणे जायज. इतरांच्या अनुकरणापायी नैसर्गिक रूप बदलणे नाजायज. आजार नसताना सुरकुत्या घालविण्यासाठी इंजेक्शन घेणेही अकादमीने अमान्य केले. विरघळून जाणाऱ्या फिलरबाबत आजच्या उलमांमध्ये मतभेद आहेत. परंतु हानी होऊ नये, ही अट सर्वांनाच मान्य आहे.

म्हणून त्या भगिनीला माझे उत्तर असे आहे. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक यांच्याकडे जा. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू एकमेकांपासून दुरावलेले असू शकतात, हर्नियाही असू शकतो. तो आजार आहे, त्याचा इलाज जायज आहे, आणि कित्येकदा योग्य व्यायामानेही आराम पडतो. टाक्यांचा खड्डा खरोखर व्यंगासारखा असेल, पात्र तज्ज्ञाने धोका समजावून उपचार सुचविला असेल आणि याहून सौम्य उपाय नसेल, तर त्याला वाव आहे. शक्यतो स्त्री डॉक्टर असावी, कारण पोट हा सत्राचा भाग आहे. टोचले जाणारे द्रव्य कशापासून बनले आहे, हेही विचारावे. मात्र केवळ लग्नघरातील नजरांसाठी मेहर विकून मान्यता नसलेल्या जागी सुई टोचून घेऊ नये. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास कुरआनने मनाई केली आहे (२:१९५). आणि वैद्यकाचे ज्ञान नसता उपचार करणारा हानीस जबाबदार ठरतो, हे प्रेषितवचन अशा केंद्रचालकांनीही ध्यानी ठेवावे.

परंतु एवढ्यावर थांबलो तर मी अर्धाच दीन सांगितला असे होईल. तिचा भाऊ म्हणाला होता, “मौलाना, ती आता लग्नाला जायचेच टाळते.” वाचकहो, हा प्रश्न सुईपासून सुरू झाला नाही, तो जिभेपासून सुरू झाला. कुरआनने एकमेकांची थट्टा करण्यास मनाई केली, तेव्हा स्त्रियांचा उल्लेख वेगळा केला (४९:११). त्याच कुरआनने आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसत बाळ पोटात वाहिल्याची आठवण देऊन आईबापांचे उपकार मानण्यास सांगितले (३१:१४). ज्या पोटाने तुमच्या घराला तीन लेकरे दिली, त्या पोटाला हसणाऱ्याने सुईच्या हलाल-हरामची चौकशी करण्यापूर्वी आपल्या जिभेचा हिशेब द्यावा. पतीनेही अशा वेळी मौन धरू नये. घरच्यांसमोर पत्नीची बाजू घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

आज रात्री इशानंतर घरात हा विषय काढा. कोणाच्या देहावर आपण बोललो असू, तर त्याची माफी मागा. अल्लाह आपल्याला देहाची अमानत सांभाळण्याची आणि जिभेला आवर घालण्याची तौफीक देवो. आमीन.